घरच्या मैदानाचा आवाज : फुटबॉल सामन्यातील सामूहिक गायन कसे घडते, कशाने टिकते

मुंबईत अंधेरी येथील फुटबॉल मैदानावर १ जून २०१८ रोजी भारतीय संघाने चायनीज तैपेईचा ५-० असा दणदणीत पराभव केला. त्या सामन्याची अधिकृत प्रेक्षकसंख्या होती अवघी २,५६९. दुसऱ्या दिवशी कर्णधार सुनील छेत्री याने समाजमाध्यमावर एक चित्रफीत प्रसृत केली. हवी तर आमच्यावर टीका करा, ओरडा, पण मैदानात या, असे आवाहन त्याने तीत केले होते. ४ जून रोजी केनियाविरुद्धच्या सामन्याची सर्व तिकिटे विकली गेली. छेत्रीचा तो शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना होता. भर पावसात प्रेक्षक जागा सोडून गेले नाहीत आणि भारताने तो सामना ३-० असा जिंकला.

मैदान तेच, संघ तोच, अंतर तीन दिवसांचे. तरीही दोन्ही सामन्यांचे वातावरण पूर्णपणे वेगळे होते. मात्र खुर्च्या भरणे आणि भरलेल्या खुर्च्यांनी एका सुरात गाणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली एखाद्या आवाहनाने साधते. दुसरीला वर्षानुवर्षांची घडण लागते. भारतातील आणि परदेशातील अनुभव पाहिले, तर घरच्या मैदानावरचे गायन आपोआप उमटत नाही, ते संघटित करावे लागते आणि ते संघटित करण्याचे काम प्रेक्षकांनाच करावे लागते, असे दिसून येते. क्लबने त्यासाठी जागा, वेळ आणि मोकळीक द्यावी लागते.

आवाजाचा खेळावरील परिणाम

यजमान संघाला घरच्या मैदानावर मिळणारा लाभ ही फुटबॉलमधील सर्वमान्य गोष्ट आहे. ओळखीचे मैदान आणि प्रवासाचा अभाव यांबरोबरच प्रेक्षकांचा आवाज हे त्याचे एक कारण मानले जाते. इंग्लंडमधील संशोधक ॲलन नेव्हिल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ४० पंचांना एकाच सामन्यातील प्रसंगांचे चित्रीकरण दाखवले होते. एका गटाला प्रेक्षकांचा आवाज ऐकू येत होता, दुसऱ्या गटापुढे चित्रीकरण मूक होते. आवाज ऐकणाऱ्या पंचांनी यजमान संघाविरुद्ध सुमारे १५ टक्के कमी फाउल दिले. आवाजाचा दाब खेळाडूंइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, निर्णय देणाऱ्यावर पडतो, असे या अभ्यासाने सुचवले.

महासाथीच्या काळाने याच प्रश्नाची मोठी चाचणी घेतली. जर्मनीतील बुंडेसलिगा १६ मे २०२० रोजी रिकाम्या प्रेक्षागारांपुढे पुन्हा सुरू झाली आणि उर्वरित हंगामात यजमान संघांच्या विजयांचे प्रमाण लक्षणीय घटले. पाहुण्या संघांना दाखवल्या जाणाऱ्या पिवळ्या कार्डांबाबतचा जुना कलही अनेक स्पर्धांत मंदावला. भारतात इंडियन सुपर लीगचा २०२०-२१ चा संपूर्ण हंगाम गोव्यातील तीन मैदानांवर, मडगावचे फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोचे टिळक मैदान येथे, प्रेक्षकांविना झाला. ‘घरचा सामना’ ही संज्ञा त्या हंगामात बहुतेक संघांसाठी केवळ कागदावर उरली होती. २० मार्च २०२२ रोजी फातोर्ड्याच्या अंतिम सामन्यासाठी प्रेक्षक पुन्हा आत आले, तेव्हा त्या दोन वर्षांत काय हरवले होते ते सर्वांना एकदम ऐकू आले.

तथापि, आवाज म्हणजे विजयाची हमी नव्हे. त्याच अंतिम सामन्यात पिवळ्या रंगात न्हालेले प्रेक्षागार केरळ ब्लास्टर्सच्या बाजूने उभे असूनही हैदराबादने पेनल्टी किकवर विजेतेपद मिळवले. देशातील सर्वांत बुलंद समर्थक ज्या संघांच्या मागे आहेत, त्यांपैकी एक असलेला हा संघ २०१४, २०१६ आणि २०२२ अशा तीन अंतिम सामन्यांत पराभूत झाला आहे. म्हणून गायनाचे मोल गुणतक्त्यावरून ठरवणे अपुरे ठरते. हरणाऱ्या संघाच्या सामन्यालाही लोक पुन्हा येतात की नाही, यावरून ते अधिक नेमके कळते.

अंतर, छत आणि ताल

पुष्कळ प्रेक्षक असूनही आवाज उठत नाही, अशी तक्रार अनेक मैदानांवर ऐकू येते. तिचे पहिले कारण भौतिक आहे. मोकळ्या जागेत ध्वनीच्या उगमापासूनचे अंतर दुप्पट झाले की त्याची पातळी सुमारे ६ डेसिबलने घटते. मैदानाभोवती धावण्याचा मार्ग असला, तर प्रेक्षक खेळापासून आणि समोरच्या प्रेक्षकांपासूनही दूर जातात. कोलकात्याचे विवेकानंद युवा भारती क्रीडांगण आणि बंगळुरूचे कंठीरवा मैदान यांना असा मार्ग आहे. कोचीचे जवाहरलाल नेहरू मैदान क्रिकेटलाही सामावून घेणारे असल्याने तेथेही हे अंतर मोठे आहे.

दुसरी अडचण तालाची. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो. दोन गोलांच्या मागील प्रेक्षकांत १७० मीटर अंतर असेल, तर एका टोकाची टाळी दुसऱ्या टोकाला अर्ध्या सेकंदाने पोहोचते. मिनिटाला १२० ठोक्यांच्या गाण्यात हा अवधी बरोबर एका ठोक्याचा असतो. परिणामी संपूर्ण मैदान एकाच वेळी वेगाने गाऊ लागले की गाणे विस्कटते. जलद गाणे एकाच सज्जातून उठावे आणि संपूर्ण मैदानासाठी संथ गाणे किंवा एकमेकांना प्रत्युत्तर देणारी घोषणा निवडावी, हा समर्थक गटांचा अनुभवसिद्ध नियम याच गणितावर उभा आहे.

तिसरी बाब संख्येची. गाणाऱ्यांची संख्या दुप्पट झाली, तर पातळी केवळ ३ डेसिबलने वाढते. आवाज कानाला दुप्पट वाटावा यासाठी साधारण दहापट माणसे लागतात. त्यामुळे मैदानभर विखुरलेल्या दोन हजार लोकांपेक्षा एका छताखाली दाटीने उभे असलेले पाचशे जण अधिक परिणामकारक ठरू शकतात. छत त्यांचा आवाज परतवून मैदानाकडे पाठवते आणि शेजाऱ्याचा सूर स्पष्ट ऐकू आल्याने संकोची माणूसही तोंड उघडतो.

मैदानाची रचना बदलून वातावरण बदलल्याचे ठळक उदाहरण इटलीत आहे. १९९० च्या विश्वचषकासाठी तुरिन येथे बांधलेल्या डेले आल्पी मैदानाला धावण्याचा मार्ग होता आणि ते बहुधा अर्धेअधिक रिकामे असे. युव्हेंटसने ते पाडून त्याच जागी सुमारे ४१ हजार आसनांचे, खेळाला अगदी लगटून असलेले मैदान उभारले. ते २०११ मध्ये खुले झाले. आसने घटली, आवाज वाढला. याउलट लंडनचा वेस्ट हॅम क्लब २०१६ मध्ये अपटन पार्कचे जुने, दाटीचे मैदान सोडून ऑलिंपिकसाठी बांधलेल्या विस्तीर्ण मैदानात गेला. खेळ दूर गेल्याची त्याच्या समर्थकांची तक्रार त्यानंतर बराच काळ चालू राहिली.

एकत्र उभे राहण्याची जागा

जर्मनीतील बोरुसिया डॉर्टमुंडच्या मैदानावर गोलामागील दक्षिण सज्जात २४ हजारांहून अधिक लोक उभे राहून सामना पाहतात. ‘पिवळी भिंत’ या नावाने ती जगभर ओळखली जाते. तिच्या मागे दोन साधी कारणे आहेत. उभ्या जागेचे तिकीट स्वस्त असते, आणि गाऊ इच्छिणारे लोक एकाच ठिकाणी जमतात. बसलेल्या माणसाच्या फुप्फुसांना उभ्या माणसाइतका वाव मिळत नाही, हेही येथे ध्यानात घेतले पाहिजे.

इंग्लंडचा इतिहास या प्रश्नाची दुसरी बाजू दाखवतो. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर झालेल्या चेंगराचेंगरीत ९७ लोकांचा बळी गेला. लॉर्ड टेलर यांच्या जानेवारी १९९० च्या अहवालानंतर वरच्या दोन श्रेणींतील मैदाने १९९४ पर्यंत पूर्णपणे आसनांची करण्यात आली. मैदाने सुरक्षित झाली. परंतु तिकिटांचे दर वाढत गेले, मित्रमंडळी वेगवेगळ्या रांगांत विखुरली आणि तरुण प्रेक्षकांचे प्रमाण घटले. पुढील काळात इंग्लंडच्या मैदानांवरील शांततेची वारंवार चर्चा झाली. अखेर जानेवारी २०२२ मध्ये काही क्लबांना प्रत्येक रांगेपुढे कठडा असलेल्या सुरक्षित उभ्या जागांची प्रायोगिक परवानगी मिळाली आणि २०२२-२३ च्या हंगामापासून ती इतर क्लबांसाठीही खुली झाली. सुरक्षितता आणि गायन यांपैकी एकाचीच निवड करावी लागते, हा समज त्यामुळे मागे पडला.

गाणे सुरू करणारा माणूस

संघटित समर्थनाची परंपरा जुनी आहे. ब्राझीलमध्ये १९४२ साली फ्लामेंगोच्या समर्थकांनी वाद्यवृंद घेऊन प्रेक्षागारात बसण्याची प्रथा सुरू केली. १९५० चा विश्वचषक पाहून प्रभावित झालेल्या स्प्लिट शहरातील तरुणांनी त्याच वर्षी हायडुक क्लबसाठी ‘तोर्सिदा’ हा गट स्थापन केला. तो युरोपातील सर्वांत जुन्या गटांपैकी एक मानला जातो. १९६० च्या दशकाच्या अखेरीस इटलीत ‘अल्ट्रा’ गट उदयाला आले आणि त्यांची पद्धत जगभर पसरली.

या पद्धतीत मध्यवर्ती व्यक्ती म्हणजे ‘कापो’. हा समर्थकांचा नायक कठड्यावर किंवा छोट्या मंचावर मैदानाकडे पाठ करून उभा राहतो, हाती भोंगा घेऊन गाणे उचलतो आणि समोरच्या गर्दीचे चेहरे पाहत ते चढवतो वा थांबवतो. ज्या संघासाठी तो घसा कोरडा करतो, त्याचा खेळ त्याला जवळजवळ दिसत नाही. आपल्याकडे कीर्तनात वा भजनात पुढचा गायक ओळ टाकतो आणि टाळकरी ती उचलून धरतात. कापो आणि सज्जा यांचे नाते मराठी वाचकाला त्यावरून चटकन उमगेल. त्याच्या शेजारी ढोलवादक असतो. ढोल नसेल, तर गर्दी नकळत लय वाढवत नेते आणि गाणे धाप लागून संपते.

चांगल्या सामूहिक गाण्याची काही लक्षणे सर्वत्र आढळतात. ओळ एका श्वासात संपणारी असते. चाल आधीच परिचित असते, बहुधा चित्रपटगीताची किंवा लोकगीताची. सूर मध्यम पट्टीत असतो, कारण उंच पट्टीत पुरुष, स्त्रिया आणि मुले एकत्र गाऊ शकत नाहीत. लिव्हरपूलच्या समर्थकांनी आपलेसे केलेले ‘यू विल नेव्हर वॉक अलोन’ हे गीत मूळचे १९४५ च्या ‘कॅरोसेल’ या संगीतिकेतील आहे. १९६३ मध्ये लिव्हरपूलच्याच गेरी अँड द पेसमेकर्स या वाद्यवृंदाने ते ध्वनिमुद्रित केल्यानंतर ते प्रेक्षागारात रुजले. गीत संथ असल्यामुळेच हजारो कंठांना ते एकत्र पेलता येते.

आइसलँडच्या समर्थकांनी २०१६ च्या युरो स्पर्धेत लोकप्रिय केलेल्या टाळीत तर शब्दही नाहीत. दोन ठोक्यांमधील शांतता हेच तिचे बळ. शांतता हळूहळू आखूड होत जाते आणि टाळ्यांचा वेग वाढतो. नवख्या प्रेक्षकालाही ती एका फेरीत जमते. त्यामुळे ती अल्पावधीत भारतीय मैदानांवरही पोहोचली.

भारतातील चार नमुने

कोलकात्यात १८८९ साली स्थापन झालेला मोहन बागान आणि १९२० चा ईस्ट बंगाल यांच्यातील लढत हा भारतीय फुटबॉलमधील आवाजाचा सर्वांत जुना झरा. १३ जुलै १९९७ रोजी फेडरेशन चषकाच्या उपांत्य सामन्याला सॉल्ट लेकच्या मैदानावर सुमारे १ लाख ३१ हजार प्रेक्षक होते. बायचुंग भुतियाच्या तीन गोलांच्या बळावर ईस्ट बंगालने तो ४-१ असा जिंकला. घटी आणि बांगाल, कोळंबी आणि हिलसा, अशा जुन्या ओळखींवर पोसलेल्या या चुरशीला अलीकडच्या काळात संघटित गटांची भव्य चित्रफलकांची आणि समूहगायनाची शिस्तही लाभली आहे.

कोचीत ‘मंजप्पडा’, म्हणजे पिवळी सेना, हा गट २०१४ मध्ये केरळ ब्लास्टर्सबरोबरच जन्मला. पूर्वेकडील सज्जा हे त्याचे ठाणे. १८ डिसेंबर २०१६ रोजी कोचीत झालेल्या अंतिम सामन्याला ५० हजारांहून अधिक प्रेक्षक होते. मल्याळममधील घोषणा, चेंडा वाद्याचा ठेका आणि आखाती देशांपर्यंत पसरलेले सदस्य हे त्याचे विशेष.

बंगळुरूचे उदाहरण नव्या क्लबांसाठी अधिक उद्बोधक आहे. २०१३ मध्ये स्थापन झालेल्या बंगळुरू एफसीला कोणताही वारसा नव्हता. मूठभर समर्थक एका ठरावीक भागात उभे राहू लागले, क्लबने त्यांना तेथून हलवले नाही आणि ‘वेस्ट ब्लॉक ब्लूज’ हे नाव त्या जागेवरूनच पडले. सामन्यानंतर खेळाडू या सज्जापुढे येऊन समर्थकांसह टाळ्यांचा गजर करत. या छोट्या विधीने नव्या क्लबला परंपरा मिळवून दिली.

चौथा नमुना महाराष्ट्रातील. कोल्हापुरात फुटबॉल तालमींच्या आणि पेठांच्या नावाने खेळला जातो. पाटाकडील तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, बालगोपाल, दिलबहार, खंडोबा, प्रॅक्टिस क्लब या संघांचे सामने राजर्षी शाहू मैदानावर होतात आणि पेठच्या पेठ लोटते. येथे समर्थक जमवावे लागत नाहीत. ते जन्मतःच ठरलेले असतात. मात्र पेठेचा अभिमान कधी कधी हाणामारीपर्यंत जातो आणि मग सामने थांबतात. कुस्तीच्या मैदानात हलगीच्या तालावर हजारोंची गर्दी खिळवून ठेवणाऱ्या या शहराकडे शिस्तबद्ध समूहतालाची सामग्री मुळातच आहे. मुंबईत मात्र परिस्थिती उलट आहे. मुंबई सिटीच्या ‘वेस्ट कोस्ट ब्रिगेड’ या गटाला लांबचे अंतर, कामाचे दिवस आणि मैदानाची मर्यादित क्षमता यांतून वाट काढत माणसे गोळा करावी लागतात.

मर्यादेचे भान

१६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर ईस्ट बंगाल व मोहन बागान यांच्या सामन्यात उसळलेल्या दंगलीत आणि चेंगराचेंगरीत १६ फुटबॉलप्रेमींचा मृत्यू झाला. कोलकाता तो दिवस आजही स्मृतिदिन म्हणून पाळते. ईर्षेचा आवाज आणि द्वेषाचा आवाज यांतील सीमा पुसली गेली की काय घडते, याची ही खूण आहे. दुसरीकडे, १८ ऑगस्ट २०२४ रोजी याच दोन क्लबांचा सामना रद्द झाला असताना दोन्ही बाजूंचे समर्थक आर. जी. कर रुग्णालयातील डॉक्टर तरुणीला न्याय मिळावा म्हणून मैदानाबाहेर खांद्याला खांदा लावून उभे राहिले. प्रतिस्पर्ध्याला शत्रू न मानण्याची क्षमता याच गर्दीत आहे.

शिव्या, जातिवाचक वा वंशवाचक घोषणा यांचा एक व्यवहारी तोटाही असतो. त्या ऐकल्या की कुटुंबे, स्त्रिया आणि मुले सज्जापासून दूर जातात आणि गाणारा समुदाय आकसतो. ज्या गटांनी अशा घोषणा स्वतःहून थांबवल्या, त्यांना पोलिसांकडून ढोल आणि फलक यांची परवानगी मिळवणेही सोपे जाते.

काय करता येते

या सर्व अनुभवांतून काही व्यवहार्य उपाय समोर येतात.

गाणाऱ्यांसाठी एक ठरावीक सज्जा राखावा, शक्यतो गोलामागे आणि छताखाली. तेथील तिकिटे स्वस्त असावीत, आसनक्रमांकाचे बंधन सैल असावे आणि उभे राहण्याची मुभा असावी. ज्यांना शांतपणे सामना पाहायचा आहे, त्यांच्यासाठी इतर भाग असतातच.

मैदान पूर्ण भरत नसेल, तर प्रेक्षक चारही बाजूंना विखुरण्याऐवजी दोन लगतच्या सज्जांत एकत्र बसवावेत. चार हजारांचा जमाव वीस हजारांच्या मैदानात हरवतो. एका सज्जात तोच जमाव गर्दी वाटतो.

सामन्यापूर्वीच्या शेवटच्या दहा मिनिटांत ध्वनिवर्धक बंद ठेवावेत. गाणे चढू लागते त्याच वेळी निवेदक ओरडू लागला किंवा ध्वनिमुद्रित संगीत वाजू लागले, तर ढोलाचा ताल बुडतो आणि प्रेक्षक श्रोते होऊन बसतात.

नवी गाणी हंगामाच्या सुरुवातीला दोन-तीनच आणावीत. त्यांचे शब्द छापून वा भ्रमणध्वनीवरून आधी पोहोचवावेत आणि ती गाणी स्थानिक भाषेत असावीत. खेळाडूच्या नावाची चार शब्दांची घोषणा एखाद्या लांब गीतापेक्षा लवकर रुजते.

ढोल, फलक आणि मोठ्या ध्वजांची परवानगी प्रत्येक सामन्याला नव्याने मागावी लागू नये. क्लब, पोलीस आणि समर्थक गट यांची हंगामापूर्वी एक बैठक झाली, तर प्रवेशद्वारावरची बहुतेक भांडणे टळतात.

आणि संघ पिछाडीवर असताना गाण्याची सवय लावावी. गोल झाल्यावर सारेच ओरडतात. समर्थक गटाची खरी कसोटी गोल खाल्ल्यानंतरच्या पाच मिनिटांत लागते.

आवाज कोणाचा

क्लबांनी एक गोष्ट मात्र विसरू नये. हा आवाज त्यांच्या मालकीचा नाही. २०२४-२५ च्या हंगामात केरळ ब्लास्टर्सची कामगिरी घसरली, तेव्हा ‘मंजप्पडा’ने व्यवस्थापनाविरुद्ध उघड निदर्शने केली. जो गट संघासाठी गातो, तोच व्यवस्थापनाला जाबही विचारतो. प्रक्षेपणात दिसणारे रंगीत सज्जे क्लबला हवे असतील, तर त्या सज्जांतून येणारे अप्रिय प्रश्नही ऐकून घ्यावे लागतात.

भारतीय फुटबॉलच्या दृष्टीने हा विषय आज अधिक निकडीचा आहे. व्यावसायिक हक्कांच्या कराराचा पेच न सुटल्याने इंडियन सुपर लीगचा २०२५-२६ चा हंगाम ठरल्या वेळी सुरू होऊ शकला नाही आणि खेळाडूंसह समर्थकही महिनोन्महिने ताटकळले. प्रायोजक बदलतात, स्पर्धांची नावे बदलतात, क्लब शहरेही बदलतात. अशा अस्थिरतेत दर पंधरा दिवसांनी त्याच पायऱ्यांवर येऊन उभा राहणारा माणूस हीच या खेळाची सर्वांत भरवशाची ठेव आहे. छेत्रीच्या आवाहनाने २०१८ मध्ये एक मैदान भरले. तोच माणूस पुढच्या सामन्यालाही यावा आणि त्याने शेजाऱ्याला चार ओळी शिकवाव्यात, यासाठी त्याला पायऱ्यांवर हक्काची जागा मिळणे हे पुढचे पाऊल आहे.